मृत्यूचा दाखला कोणीं द्यावा?

घरांत मृत्यु घडला असतां कागदपत्रांचा विचार कोणास सुचत नाहीं, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु पुढें शेताचा फेरफार, पेन्शन, विम्याचे पैसे, जेथें जावें तेथें प्रथम मृत्यूचा दाखलाच मागतात. येथें अंजनगांवीं आमच्या एका विद्यार्थ्याची आजी घरींच वारली. तिच्या मुलानें ओळखीच्या कंपाउंडराकडून चिठ्ठी लिहून आणिली. ती परत आली, आणि बिचारा घाबरून गेला.

वास्तविक ह्यांत दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. मृत्यु घडला ही खबर देणें एक, व तो कशानें घडला हें लिहिणें दुसरें. खबर घरच्या कर्त्या माणसानें २१ दिवसांच्या आंत द्यावयाची. खेड्यांत ग्रामपंचायतीकडे, शहरांत नगरपरिषदेकडे. पूर्वीं आमच्या वऱ्हाडांत ही नोंद कोतवाल बुकांत होई. त्यांत मरणाचें कारण पुष्कळदां नुसतें ‘ताप’ एवढेंच आढळतें. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाचे कित्येक बळी सरकारी तक्त्यांत ह्याच ‘तापां’त जमा झाले!

कारण लिहिण्याचा अधिकार मात्र ज्याचें नांव कायद्यानें ठेविलेल्या पटावर आहे अशा वैद्यकव्यवसायीसच आहे. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याचें १० वें कलम ह्याविषयींच आहे. शेवटच्या दुखण्यांत ज्यानें उपचार केला त्यानेंच प्रमाणपत्र द्यावें, व त्याबद्दल एक पैहि घेऊं नये. २०२३ च्या दुरुस्तीनें इस्पितळांसहि हें बंधन स्पष्टपणें घातलें आहे. ज्यानें रोग्यास पाहिलेंच नाहीं, त्यानें भिडेस पडून ‘हृदयक्रिया बंद’ असें लिहावें, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. हृदय तर सर्वांचेंच थांबतें. तें कां थांबलें हाच प्रश्न आहे.

पानमळ्यांत सर्पदंशानें, विहिरींत बुडून किंवा फवारणीच्या विषानें मरण आलें, तर खबर पोलिसांस द्यावी लागते. शवपरीक्षा सिव्हिल सर्जन किंवा सरकारनें नेमलेला दुसरा लायक डॉक्टर करतो. नातलगांच्या हें जिवावर येतें, हें आम्ही जाणतों. तथापि एखादें दुष्कृत्य उघडकीस येण्याचा मार्ग हाच.

मेंदू मृत झाला, पण यंत्रानें श्वास चालू आहे, अशा रोग्याचे अवयव दान करावयाचे तर १९९४ च्या कायद्यानें एकाची सही पुरत नाहीं. चार डॉक्टरांच्या मंडळानें निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासावें लागतें, आणि अवयव बसविणाऱ्या शस्त्रवैद्यास त्या मंडळांत जागा नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या आजीस शेवटीं पाहणारे डॉक्टर गांवांतच होते. त्यांनीं ४-अ चा नमुना भरून दिला, आणि मुदतीच्या आंत नोंद झाली.