तीनशे किलोंची थाप ओळखायची कशी?

गोव्यातलं पाळी असो वा डिचोली, जिममध्ये एखादा आकडा कानावर पडतोच : ‘मी तीनशे उचलतो!’ पहिला प्रश्न विचारावा, कशावर? लेग प्रेसचा पाट ४५ अंशांत तिरका असेल तर घर्षण सोडून पायांवर जेमतेम २१२ किलोंचा भार येतो. उरलेला भार यंत्र पेलतं, बढाई मात्र पठ्ठ्याची.

खरी फूटपट्टी सांगलीच्या संकेत सरगरची. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो उचलले. सुवर्ण एका किलोने हुकलं. ११३ म्हणजे १३५च्या सुमारे ८४ टक्के. जॉर्जियाच्या अवाढव्य लाशा तालाखाद्झेचे विक्रम २२५ आणि २६७, तिथेही ८४! स्नॅचमध्ये वजन एका दमात डोक्यावर न्यायचं असल्याने ते कमीच भरतं. कुणी दोन्हींत सारखाच आकडा सांगितला, तर भुवई उंचवावी.

दुसरी कसोटी शरीराच्या वजनाची : ते दुप्पट झालं म्हणून ताकद दुप्पट होत नाही. ती स्नायूच्या आडव्या छेदावर ठरते, म्हणून साधारण १.६ पट.

व्हिडिओ असेल तर तबकड्या मोजा. दांडा २० किलो, लाल तबकडी २५, निळी २०.