कपाशीतला वाघ

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात कापूस वेचणीच्या दिवसांत वाघाची वार्ता आली की मजूर शेतात जायला धजावत नाहीत. ही भीती खरी आहे. जवळचं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे वाघांसाठी लहानच, आणि बछडे दोन वर्षांचे होत आले की आईचा मुलूख सोडून स्वतःची जागा शोधू लागतात. टिपेश्वरचा 'वॉकर' नावाचा वाघ २०१९-२० मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला; तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती भटकंती गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळली. अशा वाटचालीत उंच तूर, दाट कपाशी दिवसभर दडायला पुरते. खायला रानडुक्करही तिथेच सापडतं.

वाघ सहसा माणसाला टाळतो. पण वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही, आणि घात तिथे होतो. म्हणून शेतात एकट्याने जाऊ नये, बोलत, आवाज करत जावं. वाघ समोर आलाच तर पळायचं नाही; पाठ न दाखवता हळूहळू मागे सरायचं. बछडे दिसले तर आई जवळच आहे असं समजा.

घात माणसाकडूनही झाला आहे. एप्रिल २०२१ मध्ये याच झरी जामणी तालुक्यात, मुकुटबन वनपरिक्षेत्रात, गुहेतली गाभण वाघीण मारली गेली. गुहेच्या तोंडाशी जाळ केला होता. पुढचे पंजे कापून नेले होते. हे क्रौर्य होतं, कुठल्याही भीतीने त्याचं समर्थन होत नाही.

शेतात वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दिसले तर काम थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.