न भुंकणारा कुत्रा

इंग्लंडमध्ये रात्री ससे धरणाऱ्या कुत्र्याला लर्चर म्हणतात. ही एक ठरलेली जात नाही. एका बाजूला ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखा पळणारा कुत्रा, दुसऱ्या बाजूला मेंढपाळाचा कॉली किंवा बेडलिंग्टन टेरियर, अशा संकरातून तो होतो. पाय एकाचे, डोकं दुसऱ्याचं. त्याला शिकवतात तरी काय, असं विचारलं तर परक्या माणसाला वाटतं की ससा धरायला. प्रत्यक्षात तेवढं एक सोडून बाकी सगळं शिकवावं लागतं. पळत्या वस्तूमागे सुटायला चार महिन्यांच्या पिल्लालाही कुणी सांगावं लागत नाही. शिकवायचं असतं ते गप्प राहणं, थांबणं, अर्ध्या वाटेवरून परत फिरणं आणि तोंडातला ससा जिवंत आणून हातात देणं. गेल्या साडेतीनशे वर्षांचा मागोवा घेतला तर असं दिसतं की हा अभ्यासक्रम कुत्र्याच्या स्वभावावरून फारसा ठरलेला नाही, सशाच्या स्वभावावरूनही अर्धामुर्धाच ठरला. जमीन कुणाची, या प्रश्नाने तो ठरवला.

सुरुवात 1671 च्या कायद्यापासून करावी लागते. जमिनीचं वर्षाचं उत्पन्न किमान 100 पौंड असलेला मालक, काही लांब मुदतीचे पट्टेदार आणि मोठ्या घराण्यांतले वारस, एवढ्यांनाच शिकारीचा हक्क उरला. बाकीच्यांनी काय काय बाळगायचं नाही याची यादीच कायद्याने दिली: बंदूक, धनुष्य, जाळी, फासे, फेरेट, ग्रेहाउंड, ‘ससेकुत्रे’ आणि लर्चर. म्हणजे हा कुत्रा कायद्याच्या कागदावर प्रथमपासून हत्यारांच्या रांगेत उभा आहे. जमीनदाराच्या रखवालदाराला संशयिताच्या घराची झडती घेऊन तो जप्त करता येई. पुढे 1828 मध्ये रात्रीच्या चोरट्या शिकारीसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यात सशाचं नाव स्पष्ट आलं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात वर्षं सागरापार हद्दपारी. तिघं किंवा जास्त जण असले आणि त्यांतल्या एकाकडे जरी बंदूक किंवा सोटा सापडला, तर हद्दपारी 14 वर्षांपर्यंत जाई. रात्र म्हणजे काय तेही त्यात मोजून दिलं आहे: सूर्यास्तानंतरचा पहिला तास संपल्यापासून सूर्योदयाआधीचा शेवटचा तास लागेपर्यंत. पोटासाठी ससा धरणाऱ्या शेतमजुराला हे घड्याळ पाठ असणारच, आणि त्याच्या कुत्र्याचं शिक्षण याच वेळापत्रकात बसवलेलं होतं.

त्या काळात झोताचा दिवा नव्हता, आणि असता तरी तो लावणं म्हणजे रखवालदाराला आवतण देणंच होतं. ससे रात्री चरायला शेताच्या मध्यापर्यंत येतात, त्यांची बिळं मात्र कडेच्या कुंपणझाडीत किंवा रानाच्या काठाला असतात. वारा सुटलेल्या, चंद्र नसलेल्या रात्री दोन माणसं बिळं आणि चरणारे ससे यांच्यामध्ये लांबलचक जाळी लावत. आपल्याकडे पारधी लावत ती वाघूर डोळ्यांसमोर आणली की झालं. वारा शेताकडून बिळांकडे वाहणारा हवा, म्हणजे माणसांचा वास सशांपर्यंत जात नाही. मग कुत्र्याला सोडायचं. त्याने शेताला लांबून वळसा घालून पलीकडे जायचं, नाकाने अंदाज घ्यायचा आणि आवाज न करता ससे जाळ्याकडे रेटायचे. माणूस जाळ्याची वरची दोरी बोटांत धरून बसे. दोरीला हिसका बसला की ससा अडकला. हे काम मेंढ्या वळवण्याच्या जवळचं आहे, आणि कॉलीचं रक्त का लागे ते इथे कळतं. अनोळखी माणूस दिसला की मालकाला ओळख न देता एकटाच घरी जाणारा कुत्रा, असंही वर्णन जुन्या लेखनात येतं. त्यात फुगवून सांगितलेला भाग असेल, पण असा कुत्रा हवासा वाटणं हेच पुरेसं बोलकं आहे.

यावर एक आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. कुत्रा गप्प हवा, कारण एक भुंकला की शेतातले सगळे ससे बिळात जातील. त्यात कायदा कुठे आला? हे अर्धं खरं आहे आणि मान्यच करायला हवं. मात्र त्याच देशात त्याच शतकांत बीगलसारखे कुत्रे मुद्दाम आवाजासाठी पाळले गेले. टोळीने माग काढताना त्यांनी गळा सोडून ओरडावं यात मालकांना संगीत वाटे, आणि कुणाचा आवाज कोणत्या पट्टीतला यावर कौतुकं होत. ज्याला शिकारीचा हक्क होता त्याला आवाज परवडत होता. शिवाय सशांची सावधगिरी मौनाचं कारण देते, पण एकट्याने घरी निघून जाण्याचं देत नाही. ती गरज माणसाला पकडू पाहणाऱ्या दुसऱ्या माणसामुळे निर्माण झाली.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. 1831 मध्ये संपत्तीची अट गेली, 1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने कुळालाही आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क दिला. मग भीती संपल्यावर शिकवण का टिकली? उत्तर त्या 1880 च्या कायद्यातच एका कलमात दडलेलं आहे. कुळाला हक्क मिळाला खरा, पण रात्री बंदूक चालवायला मनाई राहिली, ती शंभर वर्षं. 1981 मध्ये ती सैल झाली. मधल्या काळात ज्याला रात्री ससे हटवायचे होते त्याच्यापुढे जाळं आणि कुत्रा हेच मुख्य मार्ग उरले. आणि ज्या खाणकामगारांकडे किंवा गिरणीकामगारांकडे एवढे लर्चर आणि व्हिपेट होते, त्यांच्याकडे शेत कुठे होतं? त्यांना लागे ती शेतकऱ्याची परवानगी. मेंढीच्या अंगावर गेलेला कुत्रा ही परवानगी एका रात्रीत घालवतो, आणि 1953 पासून तर जनावरांना छळणाऱ्या कुत्र्याच्या मालकावर थेट गुन्हा लागू लागला. म्हणून पिल्लू ससा पाहायच्या आधी महिनोन्महिने दोरीला बांधून मेंढ्या-कोंबड्यांमधून फिरवलं जातं. रखवालदाराची जागा परवानगीने घेतली. कुत्र्याच्या दृष्टीने धडा तोच.

त्याच 1953 च्या शरदात केंट परगण्यात मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि दोन वर्षांत देशातले जवळजवळ सगळे ससे मेले, शंभरातला एखादाच वाचला. रात्रीच्या कुत्र्याचं कामच काही काळ संपलं. ससे परत वाढले तेव्हा मोटारींत हॅलोजनचे दिवे आले होते, खांद्याला बारा व्होल्टची बॅटरी लटकवून तो झोत हातात घेता येत होता. जाळं बाजूला पडलं. ब्रायन प्लमर यांचं ‘द कम्प्लीट लर्चर’ 1979 मध्ये आलं, ते या नव्या भरात. दिव्याने कुत्र्याचं शिक्षण सोपं केलं, नाकाचं काम डोळ्यांवर आणलं, आता कुणीही कुत्रा सोडावा, अशी तक्रार जुनी माणसं करतात. निम्मी तक्रार बरोबर आहे. पण दिव्याखाली पिल्लाला कसं उतरवतात ते पाहिलं की उरलेली निम्मी गळून पडते.

वर्षभराचं होईपर्यंत जाणती माणसं पिल्लाला झोतापुढे सोडत नाहीत. हाडं भरलेली नसतात आणि तारेच्या कुंपणावर छाती फाटते. पहिल्या रात्री बिळापासून लांब, झोतात दबून बसलेला एकच ससा शोधतात. वारा समोरून घेतात. सशाचा डोळा लालसर चमकतो, मेंढीचा हिरवट. पट्टा सैल होतो, ससा उठतो, एक-दोन वळणं, आणि पहिल्या रात्री बहुधा ससाच जिंकतो. इथे शिकवणाऱ्याचं एकच काम: ससा कुंपणात शिरला की दिवा बंद करणं. अंधार झाला की पिल्लाला मागे यावंच लागतं. दिवा तसाच ठेवला तर ते झाडीत नाक खुपसून हुंगत राहतं, दुसऱ्या रात्री स्वतःच्या मर्जीने शेतभर हिंडतं आणि महिन्याभरात पळताना भुंकायला लागतं. एकदा भुंकायला लागलेला कुत्रा पुन्हा गप्प होत नाही असं मानतात. एकाच रात्री दमेपर्यंत पळवलेली पिल्लं अशी बिघडतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीन धावा आणि घर. म्हणजे हॅलोजनच्या काळातही शिक्षण चाललंय ते दिवा विझवण्याच्या बटणावर.

हे सगळं शिकवून शेवटी एक प्राणी दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा, त्याला शिक्षण कसलं म्हणायचं, असं कुणी म्हणेल. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ससा शेतीचा शत्रू ठरलेला आहे. 1954 च्या कायद्याखाली लंडन शहराचा गाभा, सिली बेटं आणि स्कोकहोम बेट वगळता सगळीकडे ससे आटोक्यात ठेवणं जमीन ताब्यात असणाऱ्यावर बंधनकारक आहे. एवढ्याने कुत्र्याची पद्धत दयाळू ठरत नाही. इतकंच म्हणता येतं की अर्धवट शिकलेला कुत्रा सशाला सर्वांत जास्त हाल करून मारतो. आपल्याकडे या वादाचं उत्तर केव्हाच दिलं गेलं. मराठवाड्याचा कारवान उघड्या माळावर नजरेने पळणारा कुत्रा, पण आपला ससा बीळ करत नाही, गवतातल्या खळग्यात दबून राहतो, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 ची दुरुस्ती झाल्यावर त्याच्या शिकारीचा दरवाजा बंद झाला. मराठीत बिळातल्या आणि खळग्यातल्या अशा दोघांनाही ससाच म्हणतात.

इंग्रजीत मात्र ती दोन वेगळी नावं आहेत, आणि 2005 च्या फेब्रुवारीपासून त्या दोन नावांमध्ये गुन्ह्याची रेघ आहे. कुत्र्याने शिकार करण्यावर बंदी आणणाऱ्या 2004 च्या कायद्याने बिळातल्या सशाला, जमीनमालकाची परवानगी असेल तर, बंदीतून वगळलं, बीळ न करणाऱ्या रानसशाला नाही. स्कॉटलंडने 2023 मध्ये बिळातला ससाही बंदीत घेतला, त्यामुळे सीमेच्या एका बाजूला परवानगीने चालणारी धाव दुसऱ्या बाजूला गुन्हा आहे. इंग्लंडच्या बाजूला आता पिल्लाला एक धडा जास्तीचा आहे. झोतात लांब कानांचं, उंच पायांचं काहीतरी उठतं, पट्टा ताणला जातो, आणि माणूस काही न बोलता दिवा बंद करतो. पिल्लू अंधारात थरथरत उभं राहतं, थोड्या वेळाने खाली बसतं.