प्रत्येक लेन्सचा आपला आकडा

पोर्ट्रेट काढताना फोकस डोळ्यावर धरला, कॅमेऱ्यानं बीप दिली, आणि संगणकावर फोटो मोठा करून पाहिला तर डोळा धूसर, कानाची पाळी मात्र लख्ख. एकदा झालं तर माणूस हलला असेल. दरवेळी कानच स्पष्ट येत असेल, तर तो बॅक फोकस. नाकाचा शेंडा येत असेल, तर फ्रंट फोकस. 85 मिलिमीटरची लेन्स एफ/1.4 वर दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर रोखली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा असतो. तिथे चूक लपायला जागाच नाही.

याचं मूळ डीएसएलआरच्या रचनेत आहे. लेन्समधून आलेला बराचसा प्रकाश मुख्य आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून उरलेला पार होतो आणि मागचा छोटा आरसा तो तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरकडे वळवतो. शटर दाबलं की आरसे वर उचलले जातात आणि प्रकाश थेट मुख्य सेन्सरवर पडतो. मोजमाप एका वाटेवर, फोटो दुसऱ्या वाटेवर! दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. छोटा आरसा किंचित सरकला तरी हिशेब चुकतो. शिवाय कारखान्यात बॉडीला थोडी सूट असते, लेन्सलाही असते. दोघी आपापल्या तपासणीत उत्तीर्ण होतात, पण एकत्र आल्यावर दोघींचा फरक एकाच बाजूला पडला तर फोटो बिघडतो. म्हणून एकट्या लेन्सच्या नावानं बोटं मोडणं मला अन्यायाचं वाटतं.

2007 साली कॅननच्या ईओएस-1डी मार्क 3 मध्ये आणि निकॉनच्या डी3, डी300 मध्ये हा फरक दुरुस्त करण्याची सोय वापरणाऱ्याच्या हाती आली. मेनूत उणे 20 ते अधिक 20 अशी पट्टी. उणे केलं की फोकस कॅमेऱ्याकडे सरकतो, अधिक केलं की दूर जातो.

आपल्या लेन्सचा आकडा शोधायला कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. भरपूर उजेडात ठळक छापलेला सपाट कागद सेन्सरला समांतर उभा करायचा आणि शेजारी एक फूटपट्टी तिरकी टेकवायची, तिचा मधला आकडा कागदाच्या रेषेत. अंतर फोकल लेंथच्या साधारण 50 पट, म्हणजे 50 मिलिमीटरच्या लेन्सला अडीच मीटर. अॅपर्चर पूर्ण उघडं. फोकस धरायचा तो कागदावरच. तिरक्या पट्टीवर धरला तर कॅमेरा कुठला आकडा पकडेल याचा नेम नाही. दर फोटोआधी लेन्स मुद्दाम फोकसबाहेर फिरवायची, कधी जवळच्या टोकाला, कधी अनंताला. एकाच फोटोवरून आकडा ठरवण्याची घाई मात्र अजिबात करू नये. ऑटोफोकस स्वतःच दरवेळी थोडा इकडेतिकडे थांबतो. आपल्याला त्याचा कल शोधायचा असतो.

झूम लेन्स इथे खरा त्रास देते. 70 मिलिमीटरला जुळलेला आकडा 200 मिलिमीटरला चुकू शकतो. 2012 च्या ईओएस 5डी मार्क 3 मध्ये दोन्ही टोकांना वेगळे आकडे देता येऊ लागले. सिग्माच्या यूएसबी डॉकनं तर दुरुस्ती थेट लेन्समध्येच भरायची सोय केली.

मिररलेस कॅमेऱ्यात मुख्य सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे हा खटाटोप बहुतेकांना आता करावा लागत नाही. पण वापरलेल्या डीएसएलआर अजून हातोहात फिरत आहेत. अशी बॉडी घेतलीत तर आधी हा मेनू उघडा. ईओएस 5डी मार्क 2 सारखी मॉडेल्स लेन्सचा फक्त प्रकार ओळखतात, नग ओळखत नाहीत. आधीच्या मालकानं त्याच्या 50 मिलिमीटरसाठी ठेवलेला आकडा तुमच्या त्याच मॉडेलच्या लेन्सलाही निमूट लागू होतो.