घाटात हेड गॅस्केट गेले तर

कल्याणला माल उतरवून माळशेज घाट चढताना ट्रक तापतो. मग थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले किंवा ऑइल दुधाळ दिसले, की हेड गॅस्केट गेले समजा. हे काम गळिताआधीच उरका. गाडीवाचून तोडलेला ऊस फडात वाळला की वजन घटते.

घरी जमते, पण घाई नको. गरम हेड सोडले तर वाकते. बोल्ट कडेकडून मधे सोडा. हेडवर पोलादी पट्टी उभी धरा. खाली फट दिसली तर फेसिंग करूनच आणा. बोल्टच्या भोकांतले पाणी-ऑइल पुसा, नाहीतर आवळताना ब्लॉक तडकायचा. गॅस्केट नवेच हवे. आवळायचे मात्र मधून कडेला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याइतके. हाताच्या अंदाजावर आमचा तरी भरवसा नाही! शेवटी टॅपेटची फट लावून घ्या.