वळणावर बंद पडणारी स्कूटर



सुरतेच्या नवागाम, दिंडोली, उधना या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या दारात एखादी जुनी चेतक अजून उभी असते. पुण्याजवळ आकुर्डीला १९७२ साली ही स्कूटर निघू लागली. २००९ साली बजाजने स्कूटर बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. २०२० साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली. परंतु तिचा आजच्या विषयाशी संबंध नाही. मी बोलणार आहे ते सहा व्होल्टच्या, पॉइंट असलेल्या जुन्या गाडीविषयी.

नवागाममधील माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील अशाच स्कूटरवरून साड्यांचे गठ्ठे पोहोचवितात. सरळ रस्त्यावर गाडी उत्तम चाले. उजवीकडे वळताच इंजिन बंद. मेकॅनिकने प्रथम कॉइल बदलली, मग कंडेन्सर, आणि अखेरीस गाडी भंगारात द्यावी असा सल्ला दिला. माल वेळेवर न गेल्यामुळे त्यांचे काम मात्र दोनदा हातचे गेले.

या गाडीत ठिणगी कशी निर्माण होते, हे एकदा समजावून घेतले पाहिजे. इंजिनाच्या चाकात लोहचुंबक बसविलेले असतात. किक मारताच ते आतल्या वेटोळ्यांभोवती फिरतात आणि वीज उत्पन्न होते. त्यासाठी बॅटरी लागत नाही. पॉइंट मिटलेले असताना प्रवाह वाहतो; ते उघडताच तो एकदम तुटतो, आणि त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. पॉइंट जळू नयेत हे कंडेन्सरचे काम. तो बिघडला की पॉइंट काळे पडतात, आणि पुष्कळदा गाडी तापल्यावर थांबते व निवल्यावर पुन्हा सुरू होते.

म्हणून तपास ठिणगीपासूनच सुरू करावा. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचे अंग इंजिनाच्या पंख्यांना टेकवावे आणि सावलीत किक मारून पाहावे. सांडलेले पेट्रोल जवळ नसावे. ठिणगी निळसर व खणखणीत असेल तर दोष विजेचा नाही, पेट्रोलकडे पाहावे. पिवळट व मरतुकडी असेल तर प्लगवरची काजळी प्रथम साफ करावी. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागत असल्याने ती साचतेच. नंतर चाकाच्या खिडकीतून पॉइंट पाहावेत. पुरते उघडल्यावर त्यांतील फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावी. (गाडी आडवी करून हलविण्याचा आपला जुना उपचार पेट्रोलच्या खात्यातला आहे, विजेला तो लागू पडत नाही.)

ठिणगी मुळीच नसेल, किंवा येऊन जाऊन असेल, तर एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घरातील दिव्याचे बटण बंद केले की प्रवाह तुटतो. या स्कूटरची किल्ली नेमके उलट करते: ती प्रवाहाला गाडीच्या लोखंडी अंगाकडे वाट करून देते आणि ठिणगी मरते. म्हणजेच, किल्लीकडे जाणाऱ्या तारेचे वेष्टन झिजून ती कुठेही पत्र्याला टेकली, तरी इंजिनाला तो 'बंद' असाच हुकूम होय!

आम्ही स्कूटर स्टँडवर लावून सुरू केली आणि हँडल हळूहळू फिरविले. उजव्या टोकाला जाताच इंजिन थांबले. मग इंजिनाजवळच्या काळ्या डबीतून किल्लीची तार सोडविली. आता हँडल कितीही फिरवा, इंजिन चालूच. चोक ओढूनच ते बंद करावे लागले. पुढचा दिवा काढून पाहिले, तर हँडलच्या आत एका कडेवर घासून तार उघडी पडली होती. वीस रुपयांची नळी तिच्यावर चढविली. जुनी कॉइल व जुना कंडेन्सर दोन्ही निर्दोष होते. ते त्यांनी आता डिक्कीत जपून ठेवले आहेत.

दिव्यांविषयी एवढेच, की इंजिन मंद असताना ते मंद दिसतात हा बिघाड नव्हे. परंतु एक बल्ब गेला की त्याच्या वाट्याची वीज बाकीच्यांवर पडून तेही जाऊ शकतात; म्हणून गेलेला बल्ब त्याच दिवशी, तेवढ्याच वॅटचा बसवावा.