वेशीच्या आत काय?

जालन्याच्या वेशीपाशी वेग येऊन ठेपला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि वर्षअखेरीस ‘वंदे भारत’ मुंबईकडे धावू लागली. पण वेशीच्या आत काय? कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील जुन्या पेठा बैलगाडीच्या मापाने वसलेल्या. हिवाळ्यात कापूस-तुरीची आवक व लग्नसराई एकत्र आली, की उभ्या वाहनांनी रस्ते आक्रसतात. वाहनतळाची तरतूद न करता रस्ता कितीही रुंद केला, तरी तोच वाहनतळ होऊन बसावयाचा. म्हणून नव्या बांधकामास परवानगी देताना वाहनांची जागा प्रथम पाहावी, आणि तीही केवळ नकाशावर नव्हे, असे आमचे महापालिकेस आग्रहाचे सांगणे आहे. जेथे पायी चालणारा निर्धास्त असेल, तेच खरे महानगर!